दिशा बरोबर, तरी पैसे गेले!

एक छोटं गणित सोडवा. ३ जून २०२४, सोमवार. निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला. त्याच आठवड्यातला शुक्रवार, ७ जून. निफ्टी २३,२९०.१५ वर बंद. चार दिवसांत सव्वीस पॉइंटची वाढ, टक्क्यांत ०.११. आता समजा, निफ्टीच्या रोजच्या हालचालीच्या तिप्पट हलणारा एखादा फंड असता आणि सोमवारी संध्याकाळी त्यात तुमचे १०,००० रुपये असते. शुक्रवारी किती झाले असते?

‘०.११ गुणिले तीन, म्हणजे १०,०३३’ असं उत्तर आलं असेल तर तुम्ही एकटे नाही. बहुतेक जण हेच सांगतात. खरं उत्तर आहे साधारण ९,८६४.

हे कसं झालं? मंगळवारी, ४ जूनला, लोकसभेचा निकाल लागला आणि निफ्टी ५.९३ टक्के कोसळून २१,८८४.५० वर आला. तिप्पट फंड त्या दिवशी १७.७९ टक्के पडला असता, म्हणजे १०,००० चे ८,२२१ झाले असते. बुधवारी निफ्टी ३.३६ टक्के वर, फंड १०.०९ टक्के वर, पण ही वाढ ८,२२१ वर, १०,००० वर नाही. झाले ९,०५०. गुरुवारी ९,२९२. शुक्रवारी ९,८६४. निफ्टीनं सगळा खड्डा भरून काढला, वर सव्वीस पॉइंट कमावले. फंड मात्र अजून खड्ड्यातच. आणि तुमचा अंदाज काय होता? ‘निकालाचा गोंधळ ओसरला की बाजार सावरेल.’ अंदाज एकदम बरोबर होता! दिशा बरोबर, वेळ बरोबर, तरी पैसे गेले. आजचा सगळा विषय एवढ्यात येतो.

असा तिप्पट फंड भारतात मिळत नाही, हे आधी सांगून टाकतो. अमेरिकेत मिळतात, त्यांना लिव्हरेज्ड ईटीएफ म्हणतात. तिथे पहिले असे ईटीएफ २००६ मध्ये आले. आपल्याकडे ‘सेबी’च्या नियमानुसार म्युच्युअल फंडाला कर्ज काढता येतं ते फक्त गुंतवणूकदारांचे पैसे परत देण्यासारख्या तात्पुरत्या गरजेपुरतं, मालमत्तेच्या २० टक्क्यांपर्यंत आणि सहा महिन्यांच्या आत. गंमत म्हणजे ‘निफ्टी ५० टू-एक्स लिव्हरेज’ नावाचा निर्देशांक एनएसईकडे आहे, रोज मोजला जातो. त्यावर चालणारा ईटीएफ मात्र नाही. म्हणजे थर्मामीटर आहे, औषध विकायला परवानगी नाही.

मग चिखलीत राहणाऱ्या, सकाळी आकुर्डी-निगडीच्या कॉलेजला जाणाऱ्या किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत अप्रेंटिसशिप करणाऱ्या तुम्हाला याचं काय? आहे ना. कारण ही वस्तू तुमच्यापर्यंत तीन दारांनी पोचते आणि तिन्ही दारं तुमच्या मोबाइलमध्येच आहेत.

पान्याला पाइप

आधी ‘लिव्हरेज’ हा शब्द. मूळ शब्द लिव्हर, म्हणजे शाळेतली तरफ. पण आपल्या पट्ट्यात तरफ शिकायला पुस्तक लागत नाही. कुदळवाडी, तळवडे किंवा भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाम झालेला बोल्ट सोडवताना काय करतात? पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावतात. हात तोच, ताकद तीच, पण जोर तिप्पट. बोल्ट सुटला तर सगळे खूश. पाना सटकला तर? तोही तिप्पट जोरानं सटकतो. आणि कधी कधी बोल्टची मुंडीच तुटते, मग सोडवायला काही उरतच नाही. जुना मिस्त्री पाइप लावण्याआधी पाना नीट बसलाय का बघतो, पाय रोवून उभा राहतो, बाजूच्या पोराला मागे सरकायला सांगतो. ‘जोखीम व्यवस्थापन’ हा शब्द त्यानं ऐकलेला नसतो, पण करतो तो तेच.

बाजारातला पाइप म्हणजे उसने पैसे. कधी ते ब्रोकरकडून येतात, कधी कराराच्या रूपात येतात, कधी फंड तुमच्या वतीनं ती सोय करतो. तीन दारं म्हणजे हेच तीन प्रकार.

पहिलं दार परदेशी. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली भारतातल्या रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्यातून अमेरिकी शेअर आणि ईटीएफ घेऊ देणारी अॅप आता बरीच आहेत. परदेशातल्या मार्जिन ट्रेडिंगसाठी भारतातून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पण लिव्हरेज्ड ईटीएफमध्ये मार्जिन तुम्ही भरत नाही, पाइप फंडाच्या आतच लावलेला असतो. तुमच्या स्क्रीनवर तो साध्या ईटीएफसारखाच दिसतो. नाव, भाव, हिरवा-लाल बाण. बस.

दुसरं दार सगळ्यात गर्दीचं: निफ्टी आणि सेन्सेक्सचे साप्ताहिक ऑप्शन. समजा, २०२५ मध्ये ७५ च्या लॉटचा एक ऑप्शन १०० रुपये प्रीमियमनं घेतला. खिशातून गेले ७,५००. पण त्या लॉटमागचा सौदा असतो पंधरा लाखांच्या वरचा. पाइप किती लांब झाला बघा, दोनशे पटीचा! तिप्पट ईटीएफ याच्यापुढे बाळबोध वाटतो. वर एक्स्पायरी जवळ येईल तसा प्रीमियम आपोआप वितळत जातो. बाजार जागेवर उभा राहिला तरी तुमचा बर्फ पाणी होतो.

तिसरं दार म्हणजे एमटीएफ, मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी. ‘आता घ्या, पैसे नंतर’ असं गोड बटण अनेक अॅपवर असतं, ते हे. समजा, तुमचे २५,००० आणि ब्रोकरचे ७५,०००, असा लाखाचा शेअर घेतला. शेअर १५ टक्के पडला. लाखाचे राहिले ८५,०००, त्यातले ७५,००० ब्रोकरचे. तुमचे उरले १०,०००. शेअर पडला १५ टक्के, तुम्ही पडलात ६० टक्के. व्याज वेगळं. वर्षाला १२ टक्के धरलं तर ७५,००० वर महिन्याला ७५० रुपये. ऐकायला किरकोळ. पण तुमच्या स्वतःच्या २५,००० च्या हिशेबात ते महिन्याला तीन टक्के होतात. शेअर जागेवर राहिला तरी वर्षभरात तुमच्या भांडवलाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग व्याजातच जातो.

आकडे काय सांगतात?

आता बातमीकडे येऊ. कारण ‘तरुणांनी सांभाळून राहावं’ असं कोणीही म्हणेल, पण ‘सेबी’नं मोजून दाखवलंय.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘सेबी’च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये या मंडळींपैकी ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते. आदल्या वर्षी ते प्रमाण ३१ टक्के होतं. तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलेलं. थोडक्यात, हे शेठजींचे पैसे नव्हते. अप्रेंटिसच्या स्टायपेंडचे, पहिल्या नोकरीचे, घरून फीसाठी आलेले पैसे होते.

याच अभ्यासातली एक गोष्ट मला बाकीच्या आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करते. सलग तोटा होऊनही तोट्यातले पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक खेळतच राहिले. तोटा झाला म्हणून माणूस थांबत नाही, उलट ‘रिकव्हरी’साठी बसतो. पाना एकदा सटकला की आणखी लांब पाइप शोधायचा, हा प्रकार.

पैसा गेला कुठे? काही भाग खर्चात. तीन वर्षांत व्यक्तिगत ट्रेडरनी ब्रोकरेज, कर, शुल्क यांवर जवळपास ५०,००० कोटी रुपये घालवले. आणि समोरच्या बाजूला बसले होते मोठे खेळाडू. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशानं व्यवहार करणाऱ्या ब्रोकर कंपन्यांनी सुमारे ३३,००० कोटींचा आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८,००० कोटींचा ढोबळ नफा कमावला. त्यातला बहुतेक सगळा नफा अल्गो वापरणाऱ्यांचा. तुम्ही लेक्चर चालू असताना बाकाखाली मोबाइल धरून ज्याच्याशी सौदा करता, तो समोरचा माणूस बऱ्याचदा माणूसच नसतो.

त्यानंतर ‘सेबी’नं पाइप थोडा आखूड केला. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं कराराचं किमान मूल्य पाच ते दहा लाखांवरून पंधरा लाखांवर नेलं, प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला सांगितली, ऑप्शन घेणाऱ्याकडून पूर्ण प्रीमियम आधीच घ्यायचं बंधन घातलं. फरक पडला का? २०२४-२५ चे आकडे जुलै २०२५ मध्ये आले. तोट्यातले लोक पुन्हा ९१ टक्के. निव्वळ तोटा आदल्या वर्षीच्या ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर. नियम वर्षाच्या मध्यावर लागू झाले, हे खरं. तरी नुसत्या नियमानं हात आवरत नाही, एवढं यातून दिसतं.

आणि शिकवणाऱ्यांचं काय? डिसेंबर २०२५ मध्ये ‘सेबी’नं अवधूत साठे आणि त्यांच्या ट्रेडिंग अकादमीवर अंतरिम आदेश काढला. कर्जतला मोठं केंद्र, मराठी घराघरांत ओळखीचं नाव. नोंदणी नसताना गुंतवणूक सल्ला दिल्याचा ठपका ठेवून ५४६ कोटी रुपये गोठवण्याचे आदेश दिले गेले. आदेश अंतरिम आहे, आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण तुम्ही क्लासची फी भरण्याआधी एक काम करू शकता. ‘सेबी’च्या संकेतस्थळावर नोंदणीकृत सल्लागार आणि संशोधन विश्लेषकांची यादी आहे, तिथे नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. नफ्याच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायला याहून कमी वेळ लागतो, हीच अडचण आहे.

‘एका दिवसासाठी’

परत त्या तिप्पट फंडाकडे येऊ, कारण त्याच्या पोटात काय चालतं हे कळलं की बाकी दोन्ही दारंही कळतात.

समजा, फंडाकडे तुमचे १०० रुपये आहेत. तिप्पट हलायचं तर त्याला ३०० रुपयांचा सौदा धरावा लागतो. बाजार दहा टक्के पडला. ३०० चे झाले २७०, तोटा ३०, तुमचे उरले ७०. आता ७० च्या तिप्पट म्हणजे २१०. हातात २७० चा सौदा आहे. मग फंड ६० रुपयांचा माल त्याच संध्याकाळी, पडलेल्या भावात विकतो. दुसऱ्या दिवशी बाजार सावरला तर सावरणाऱ्या मालाचा साठा कमी झालेला असतो. बाजार १०० वरून ९० आणि ९० वरून पुन्हा १०० वर आला, तरी तुमचे १०० चे आधी ७० आणि मग ९३.३३ होतात. बाजार वर गेला की उलटं: फंड महागात आणखी घेतो. मंडईत कुठलाही भाजीवाला असा धंदा करणार नाही. पण या फंडाचं कामच ते आहे. कारण त्यानं वचन दिलंय ते ‘एका दिवसासाठी तिप्पट’. महिन्याचं नाही, वर्षाचं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बाजार सरळ रेषेत चालला तर हाच फंड तिपटीपेक्षा जास्त देतो. रोज पाच टक्के, असे सलग तीन दिवस वाढले तर निर्देशांक १५.७६ टक्के वर आणि फंड ५२ टक्क्यांच्या वर. म्हणून यूट्यूबवर दाखवायला नेहमी तेच महिने निवडले जातात. सरळ चाललेले.

खराखुरा नमुना बघायचा तर अमेरिकेतला टीक्यूक्यूक्यू घ्या, नॅसडॅक-१०० च्या रोजच्या हालचालीच्या तिप्पट चालणारा. २०२२ मध्ये नॅसडॅक-१०० सुमारे ३३ टक्के पडला, टीक्यूक्यूक्यू सुमारे ७९ टक्के. शंभराचे एकवीस. २०२३ मध्ये नॅसडॅक-१०० सुमारे ५४ टक्के वाढला आणि जिथून पडला होता त्याच्या थोडा वर पोचला. टीक्यूक्यूक्यू त्या वर्षी जवळपास तिप्पट झाला. वर्तमानपत्री मथळा करायचा तर ‘एका वर्षात तिप्पट!’ पण एकवीसची तिप्पट साधारण त्रेसष्ट. साधा ईटीएफ धरून बसलेला बाहेर पडला, तिप्पटवाला अजून एक तृतीयांशाहून जास्त तोट्यात. दोघांचा अंदाज एकच होता.

आणि कधी कधी बोल्टची मुंडीच तुटते. ५ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकी बाजारातल्या भीतीचा निर्देशांक, व्हीआयएक्स, एकाच दिवसात दुपटीहून जास्त झाला. त्याच्या उलट चालणारं एक्सआयव्ही नावाचं लोकप्रिय उत्पादन काही तासांत ९० टक्क्यांहून जास्त कोसळलं आणि कायमचं बंद झालं. वर्षानुवर्षं वर जाणारा आलेख होता तो. ‘थांबलो तर परत येईल’ म्हणायलाही काही उरलं नाही.

आपल्याकडचाही दाखला आहे. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. कच्च्या तेलाचा भाव अमेरिकेत शून्याखाली गेला आणि एमसीएक्सवर त्या महिन्याच्या कराराची सेटलमेंट उणे २,८८४ रुपयांवर झाली. ‘भाव शून्याच्या खाली कसा जाईल?’ म्हणून स्वस्तात घेऊन बसलेल्यांना तेल घेऊनही वर पैसे भरावे लागले. लिव्हरेज्ड ईटीएफ आणि विकत घेतलेला ऑप्शन या बाबतीत तरी बरे: गेले तर तुमचे घातलेले पैसे जातात, त्याहून जास्त नाही. फ्युचर, विकलेला ऑप्शन आणि एमटीएफ यांत मात्र घरून पैसे आणायची पाळी येऊ शकते.

हे सगळं लिहिलेलं असतं, बरं का. फंडाच्या माहितीपत्रकात ‘एका दिवसासाठी’ हे शब्द पहिल्याच पानावर असतात. मे २०२५ मध्ये आपल्या चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार महापालिकेनं पाडले. आयुष्यभराची कमाई घातलेली घरं होती ती. त्यांना कोणी काय सांगून विकलं, दोष कुणाचा किती, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण रेषा नकाशावर होती आणि विकणाऱ्याला ती दाखवण्यात काही फायदा नव्हता. ‘एका दिवसासाठी’ ही तशीच एक रेषा आहे.

मग करायचं काय?

‘करूच नका’ म्हणणं सोपं आहे आणि माझं खासगी मत विचाराल तर कॉलेजात असेपर्यंत साधा निर्देशांक फंड पुरेसा आहे. पण करणारे करतातच. म्हणून निदान पाना नीट बसवायचं बघू.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आकार. बाजार कुठे जाईल हे तुमच्या हातात नाही, त्यात किती घालायचं हे आहे. आणि इथे एक साधं गणित कोणी सांगत नाही. तुम्ही साध्या ईटीएफमध्ये ३०,००० घालणार असाल, तर तिप्पट ईटीएफमध्ये १०,००० घातले की बाजारातला तुमचा वजनदारपणा पहिल्या दिवशी तेवढाच होतो. उरलेले २०,००० बँकेत. तिप्पट फंड घेऊन त्यात पूर्ण ३०,००० घालणारा माणूस खरं तर ९०,००० ची गुंतवणूक करतोय. ती करायची त्याची ऐपत आहे का, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही, कारण स्क्रीनवर आकडा ३०,००० दिसतो.

म्हणून आधी तोटा ठरवा. नफा नाही, तोटा. ‘या सौद्यात जास्तीत जास्त किती गेले तर माझी मेस, रूमचं भाडं आणि सेमिस्टरची फी यांपैकी कशालाच धक्का लागणार नाही?’ तो आकडा समजा २,००० आहे. आता वाईट दिवस किती वाईट असू शकतो? २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला होता. तिप्पटवर ते ३९ टक्के. मग २,००० चा तोटा सोसणाऱ्यानं त्यात पाच हजारांच्या वर जाऊच नये. पाच हजारांत काय मजा, असं वाटतंय? तेच तर.

‘पण मी स्टॉप-लॉस लावतो!’ चांगलं आहे, लावा. मात्र तो भिंत नाही, दोरी आहे. अमेरिकेचा बाजार आपल्या वेळेनं उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतो, मध्यरात्रीनंतर दीड-अडीचला बंद होतो. तुम्ही झोपलेले असता, नाहीतर चाकणला तिसऱ्या पाळीत मशीनवर उभे असता, जिथे मोबाइल लॉकरमध्ये असतो. बाजार बंद असताना आलेल्या बातमीनं भाव थेट खालीच उघडला तर तुमचा स्टॉप-लॉस तुम्ही लिहिलेल्या भावाला नाही, मिळेल त्या भावाला लागतो. एमटीएफवर घेतलेला एखादा छोटा शेअर लोअर सर्किटला अडकला तर विकायला गिऱ्हाईकच नसतं. दिवसचे दिवस. व्याज मात्र चालू.

दुसरं म्हणजे मुदत. रोज जुळवाजुळव करणारी वस्तू महिनोन्‌महिने धरून ठेवायची असेल, तर वर-खाली हेलकावे खाणारा बाजार तुम्हाला कुरतडणार हे धरूनच चला. आत शिरतानाच बाहेर पडायची तारीख लिहून ठेवा. भाव नाही, तारीख.

पडलेल्या लिव्हरेज्ड वस्तूत ‘अॅव्हरेज’ करणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. निफ्टी फंडात तो कदाचित चालेल. तिप्पट फंडात नाही, कारण ५० टक्के पडलेल्याला परत यायला १०० टक्के चढावं लागतं आणि ७९ टक्के पडलेल्याला ३७५ टक्क्यांच्या आसपास. ऑप्शनमध्ये तर गुरुवारपर्यंत वाट बघायलाही मंगळवारची एक्स्पायरी वेळ देत नाही.

आणि उसन्यावर उसनं नको. लोन अॅपवरून पंधरा हजार घ्यायचे आणि त्यातून ऑप्शन घ्यायचे, म्हणजे पाइपला आणखी पाइप. कॉट बेसिसवर चौघं राहत असाल तर रूम पार्टनरचे पैसेही याच हिशेबात येतात. लातूर-नांदेडहून आलेल्या पोराला पैसे गेल्यापेक्षा मित्राला तोंड कसं दाखवायचं हे जास्त जड जातं.

दक्षिण कोरियात लिव्हरेज्ड ईटीएफ घेण्याआधी सामान्य गुंतवणूकदाराला ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आपल्याकडे फ्युचर-ऑप्शन सुरू करताना उत्पन्नाचा पुरावा मागतात, तोही बँक स्टेटमेंटच्या पीडीएफवर निभावतो. अॅप उघडलं की ‘दहापैकी नऊ जण तोट्यात’ अशी सूचना दाखवणं ब्रोकरना बंधनकारक आहे. ती वाचून ‘मला समजलं’वर बोट ठेवायला किती सेकंद लागतात, हे तुम्हीच सांगा. माझ्या मते सूचनेऐवजी सुरुवातीला केलेलं तेच गणित तिथे द्यावं: चार दिवसांचे चार आकडे, उत्तर काढा, बरोबर आलं तरच पुढचं बटण उघडेल.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण पैशाचं आहे. फ्युचर-ऑप्शनचा नफा-तोटा हे कायद्यानं धंद्याचं उत्पन्न. तोटा झाला असेल तर ‘आपलं काय उत्पन्न आहे, रिटर्न कशाला?’ म्हणू नका. मुदतीत रिटर्न भरलं तर तो तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो आणि उद्या नोकरीसोबत एखादा छोटा धंदा सुरू केलात तर त्याच्या नफ्यातून वजा होतो. पगारातून मात्र नाही. परदेशी ईटीएफ असेल तर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो, गुंतवणूक पाच हजारांची असली तरी. घरातल्या कोणाचं रिटर्न भरणारा एखादा कर सल्लागार जवळपास असेलच. ब्रोकरच्या अॅपमधून ‘टॅक्स पी अँड एल’ नावाचा रिपोर्ट डाउनलोड करा आणि मुदत संपायच्या आत त्याच्याकडे जा. त्या रिपोर्टमध्ये वर्षभराचं ब्रोकरेज आणि शुल्क वेगळ्या ओळीत दिलेलं असतं. बऱ्याच जणांनी ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा तिथेच पाहिलेली असते.